‘रमतो का ओ, ताई?’ : विशेष गरजा असलेलं मूल आणि त्याची अंगणवाडी

अंगणवाडी सुटायच्या वेळेला दारात उभी राहिलेली आई आत डोकावते आणि विचारते, "रमतो का ओ, ताई?" आजी न्यायला आली असेल तर ती म्हणते, "रडला नाही ना?" तीन-चार वर्षांच्या लेकराबद्दल यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न मला माहीत नाही. या वयातल्या, विकासात मागे असलेल्या किंवा अपंगत्व असलेल्या मुलांसोबत मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते, आणि प्रशिक्षणं कितीही झाली तरी शेवटी या प्रश्नापाशीच येऊन थांबते.

अडचण असते ती उत्तराची. "हो, शांत बसतो. काही त्रास नाही त्याचा," असं ताई सांगतात आणि आईला हायसं वाटतं. मला मात्र हे वाक्य ऐकलं की काळजी वाटते. रडणारं मूल निदान सगळ्यांना दिसतं. कोपऱ्यात शांत बसलेलं, कुणालाच त्रास न देणारं मूल महिनोन् महिने अंगणवाडीत येतं आणि त्याच्या वाट्याला तिथलं काहीच येत नाही. हजेरीच्या रकान्यात मात्र ते रोज हजर असतं.

या विषयातले संशोधक ज्याला ‘एंगेजमेंट’ म्हणतात त्याला सरकारी कागदांत ‘सहभाग’ असा शब्द आहे. मला ‘रमणं’ जास्त नेमकं वाटतं. रॉबिन मॅकविल्यम या अमेरिकी अभ्यासकाने आयुष्यभर याच गोष्टीचा पाठपुरावा केला. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर असं : मूल दिवसातला किती वेळ आसपासच्या माणसांशी, मुलांशी आणि वस्तूंशी आपल्या वयाला आणि कुवतीला साजेसं काहीतरी करत घालवतं, ते मोजा. आणि नुसता वेळ मोजू नका, त्या करण्याला किती खोली आहे तेही बघा.

खोली म्हणजे काय ते पाण्याच्या टबावरून पटकन कळतं. चार मुलं टबाभोवती बसली आहेत. एकाचं तोंड दाराकडे आहे, त्याला पाण्याशी काही देणंघेणं नाही. दुसरं पाण्यावर हात आपटतंय, पुन्हा पुन्हा, तेच ते. तिसरं एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओततंय. वाटीला भोक आहे हे लक्षात आल्यावर ती बाजूला ठेवून दुसरी शोधतंय. चौथं वाटी पुढे करून म्हणतंय, "घ्या चहा." लांबून बघणाऱ्याला चारही मुलं ‘पाण्याशी खेळताहेत’. प्रत्यक्षात ती चार वेगवेगळ्या पायऱ्यांवर आहेत. हात आपटणाऱ्या मुलाच्या हातात उद्या कुणी वाटी दिली आणि एकदा ओतून दाखवलं, तर कदाचित ते एक पायरी चढेल. ताईचं काम तेवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

आता एक साधा हिशेब करू. तीन-चार वर्षांचं मूल दिवसाला साधारण १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ८४ तास. घरच्यांनी पदरमोड करून त्याला आठवड्यातून दोनदा अर्ध्या अर्ध्या तासाच्या थेरपीला नेलं, तर तो झाला १ तास. उरले ८३. ती थेरपी उपयोगाची असतेच. पण बोलायला शिकायचं, चालायला शिकायचं, दुसऱ्या मुलाच्या हातातलं खेळणं न ओढता मागायला शिकायचं, हे सगळं त्या एका तासात मावत नाही. ते जेवताना, हात धुताना, चपला घालताना, भांडताना होतं. म्हणून तर थेरपिस्टने आठवड्याचा आपला वेळ मुलाला टेबलाशी बसवून घेण्यापेक्षा, त्याच्यासोबत ८३ तास असणाऱ्या मोठ्या माणसांना तयार करण्यात घालवावा, असं या क्षेत्रातली मंडळी आता ठामपणे सांगतात. मलाही ते पटायला वेळ लागला. मुलाला हाताशी घेऊन काम केलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं, पालकांनाही तसंच वाटतं.

मावळातल्या एका अंगणवाडीतला मुलगा मी कधी विसरणार नाही. चार वर्षांचा, बोलत नव्हता. एका डब्याचं स्टीलचं झाकण त्याला सापडलं होतं. ते सतरंजीवर उभं धरायचं, गरकन फिरवायचं आणि थांबेपर्यंत एकटक बघायचं. सगळा गोल गाणी म्हणायचा, हा झाकण फिरवायचा. ताईंनी सुरुवातीला ते काढून घेऊन पाहिलं, तेव्हा तो इतका किंचाळला की बाकीची मुलं घाबरली. मग त्यांनी त्याला त्याच्या झाकणासोबत सोडून दिलं. मी त्यांना दोष देत नाही. पंचवीस मुलं, एक सेविका, एक मदतनीस, आणि चुलीवर खिचडी.

पहिल्या दिवशी मी त्याच्याशी काहीच खेळले नाही. वही घेऊन भिंतीला टेकून बसले आणि दिवसाचे तुकडे पाडून लिहीत गेले. येणं आणि चपला काढणं. प्रार्थना. गोलातली गाणी. ठोकळे. हात धुणं. आहार. घरी जाणं. प्रत्येक तुकड्यासमोर दोनच गोष्टी लिहिल्या : बाकीची मुलं आत्ता काय करताहेत आणि हा काय करतोय. प्रार्थनेत झाकण. गाण्यात झाकण. ठोकळ्यांच्या वेळी तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. हात धुवायच्या वेळी मात्र तो रांगेत उभा राहिला, आपणहून. नळाखाली हात धरून बोटांमधून पडणारी धार बघत राहिला, आणि मागच्या मुलीने ढकललं तेव्हा त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. आहाराच्या वेळी ताटल्या वाजल्या तसं झाकण खाली टाकून तो मदतनीस मावशींच्या मागे मागे फिरू लागला.

दिवस संपल्यावर मी ताईंना वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे हा दोन वेळा आपल्यात येतो." मला वाटतं, त्या मुलाचं शिक्षण त्या वाक्यापासून सुरू झालं. तोपर्यंत आमचा सगळा जीव, तो गाण्याच्या गोलात कसा बसेल यात अडकला होता. खरं तर तो जिथे आधीच येत होता तिथून सुरुवात करायला हवी होती. दुसऱ्या दिवसापासून ताटल्या वाटायचं काम त्याला दिलं. स्टीलच्या, गोल, चकचकीत, त्याच्या आवडीच्या वस्तू. मावशी एकेक ताटली त्याच्या हातात द्यायच्या, तो एकेका मुलापुढे जायचा. मुलांना आम्ही एवढंच शिकवलं की हात पुढे करून "दे" म्हणायचं आणि त्याने दिली की ओढायची नाही, तो सोडेपर्यंत थांबायचं. दिवसाला वीस-पंचवीस मुलांपुढे तो उभा राहू लागला. थेरपीच्या खोलीत वीस-पंचवीस मुलं कुठून आणणार होते मी?

पहिले काही दिवस तो ताटली ठेवून पळायचा. मग थांबू लागला. दीडेक महिन्याने एका मुलीने हात पुढे न करता त्याची गंमत करायची म्हणून मागे ओढला, तेव्हा त्याने ताटली तिच्या पोटाला लावून सांगितलं, "घे." ताईंचा मला फोन आला तेव्हा त्या रडत होत्या.

अशा कामाला जगात बरंच शास्त्रीय नाव आहे, पण त्याचा गाभा घरातल्या कुणालाही कळेल असा आहे. मुलाला शिकवायची गोष्ट वेगळी काढून वेगळ्या खोलीत वेगळ्या वेळी शिकवायची नाही; जी कामं रोज होतातच त्यांच्या पोटात ती ठेवायची. पण त्यासाठी आधी शिकवायची गोष्ट नीट लिहावी लागते. मुलांच्या फायलींत मी ‘लक्ष केंद्रित करेल’, ‘नजर देईल’, ‘संवाद कौशल्य वाढेल’ अशी उद्दिष्टं वाचते आणि विचार करते, ताईंनी सकाळी साडेनऊला याचं नेमकं काय करायचं? त्याऐवजी असं लिहा : ‘खिचडी संपली की वाटी पुढे करून किंवा "अजून" म्हणून मागेल.’ आता ताईंना कळतं की ही गोष्ट कधी होणार, कुठे होणार, आणि झाली की नाही हे कसं ओळखायचं. मावशींनाही कळतं, घरी आजीलाही कळतं. खिचडी वाढताना एकदम डावभर न वाढता थोडी थोडी वाढली की एका जेवणात मागायच्या चार संधी मिळतात. पाणी पिताना दोन, ठोकळे घेताना तीन. वेगळा तास न काढता दिवसाला नऊ संधी झाल्या.

संधी तयार करायची ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत कॅन्ससमध्ये बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी १९६०-७० च्या दशकांत बालवाडीतल्या मुलांसोबत ती तपासून पाहिली. खेळणं मुलाला दिसेल पण हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवायचं. मूल बघतं, हात करतं, आवाज काढतं. मग मोठ्याने जवळ जायचं, त्या क्षणाला त्याला जेवढं जमेल त्याहून किंचित जास्त त्याच्याकडून काढायचं, आणि लगेच खेळणं द्यायचं. मुद्दा हा की सुरुवात मुलाकडून होते. आपल्याकडे हेच घट्ट झाकणाच्या बरणीत चुरमुरे ठेवून करता येतं. पण एक धोका सांगून ठेवते. मूल रडकुंडीला येईपर्यंत बरणी हातात धरून "बोल आधी, मग देते" असं करू नका. ती शिक्षा झाली. त्यातून मूल बोलायला शिकत नाही, बोलण्याला घाबरायला शिकतं.

याच्या जोडीला लागतं ते थांबणं. आपण मोठी माणसं फार भरभर बोलतो. "हे काय आहे? सांग ना. पोपट ना? पोपट म्हण." चार सेकंदांत प्रश्नही आपला आणि उत्तरही आपलंच. ज्या मुलाला ऐकलेलं समजून घ्यायला आणि मग तोंडाची किंवा हाताची हालचाल जुळवायला वेळ लागतो, त्याची पाळी येतच नाही. विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. पाच आकडे म्हणजे किती लांब वेळ असतो हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. ओळखीच्या बडबडगीतात शेवटच्या शब्दाच्या अलीकडे थांबलात आणि मुलाकडे बघितलंत, तर न बोलणारं मूलही कधी कधी तो शब्द, निदान त्याचा आवाज, पूर्ण करतं.

काही वेळा मूल रमत नाही याचं कारण मुलात नसतंच, खोलीत असतं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर आणि तोलावर पुरता ताबा नसणं, असलेल्या एका मुलीला खुर्चीवर बसवलं होतं. तिचे पाय अधांतरी लोंबकळत होते, त्यामुळे तोल सांभाळण्यातच तिचे दोन्ही हात गुंतलेले. समोर मणी ठेवून काय उपयोग? पायांखाली लाकडी पाट सरकवला, पाठीशी उशी घातली, आणि तिचा उजवा हात मोकळा झाला. कमी ऐकू येणारं मूल ताईंच्या ओठांकडे आणि चेहऱ्याकडे बघून बरंच काही समजून घेतं. पण ताई खिडकीला पाठ करून बसल्या असतील तर उजेड त्यांच्या मागून येतो आणि चेहरा काळोखा दिसतो. ताईंनी जागा बदलली की झालं. अधू दृष्टीच्या मुलाला चकचकीत स्टीलच्या ताटलीतला पांढरा भात नीट दिसत नाही. गडद रंगाची ताटली दिली तर ते सांडल्याशिवाय जेवतं. खडू धरता येत नसेल तर त्याला चिंधी गुंडाळून जाड करा. कागद सरकत असेल तर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावा. बसवत नसेल त्याला उभ्याने काम द्या.

सुझन सँडल आणि आयलीन श्वार्ट्झ या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोघींनी अशा बदलांचे आठ प्रकार पाडले आहेत : जागेचे, साहित्याचे, खास साधनांचे, मुलाची आवड वापरण्याचे, काम सोपं करण्याचे, मोठ्यांच्या मदतीचे, सोबत्यांच्या मदतीचे, आणि मुलाच्या लक्षातही येऊ नयेत असे आडून केलेले. त्यातला ‘आडून’ मला फार आवडतो. लाजरं, बोलायला अडखळणारं मूल पहिल्या पाळीला गप्प राहतं. तर त्याची पाळी चार मुलांनंतर ठेवायची, म्हणजे तोवर चारदा ऐकून त्याचं उत्तर तयार होतं. कुणाला कळतही नाही की ताईंनी काही केलं.

आणि यासाठी महागडे किट लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं, त्यात माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं, माती आली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्दही त्यांचाच. मला त्यात आमच्या कामाचं मूळ दिसतं. जे मूल आपल्या गोलात येऊ शकत नाही, त्याच्या अंगणापर्यंत गोलाने जायचं.

आता ताईंकडे वळू, कारण हे सगळं त्यांच्यावर येऊन पडतं आणि त्यांच्या बाजूने बोलणारं फारसं कुणी नसतं. वजन-उंची घेणं, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अॅपवर नोंदी, घरपोच आहाराचं वाटप, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करणं, गृहभेटी, गरोदर मातांच्या बैठका. या सगळ्यात पूर्वप्राथमिक शिक्षण बसवायचं, आणि त्यात एक बोलत नसलेलं, एक चालत नसलेलं मूल. ‘सर्वांना सामावून घ्या’ असं सांगणं सोपं आहे. कसं, ते दाखवायला कुणी सतरंजीवर येऊन बसतं का?

प्रशिक्षणं होतात. तालुक्याच्या ठिकाणी सभागृह, पडद्यावर चित्रं, जेवण, प्रमाणपत्र. ताई मन लावून ऐकतात, वहीत उतरवूनही घेतात. सोमवारी अंगणवाडीत पाऊल ठेवलं की पंचवीस मुलं समोर असतात आणि सभागृहातलं त्या खोलीला कुठे जोडायचं ते उमगत नाही. यात ताईंची काही चूक नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास करून १९८० च्या दशकातच दाखवून दिलं की नुसतं सांगून, अगदी करून दाखवूनही, नवी पद्धत वर्गात टिकत नाही. शिक्षकाच्या शेजारी त्याच्याच वर्गात कुणीतरी वारंवार उभं राहावं लागतं. पोहायला काठावरून शिकवता येत नाही, तसंच.

मी स्वतः यात चुकले आहे. एका अंगणवाडीत एका मुलीसाठी मी बारा शिफारशी व्यवस्थित टाइप करून दिल्या. महिन्याने गेले तेव्हा तो कागद खिळ्याला टांगलेला होता, लसीकरणाच्या तक्त्याखाली. ताईंनी तो जपून ठेवला होता, कारण मी तो प्रेमाने दिला होता. त्यातली एकही गोष्ट झाली नव्हती. बारा गोष्टी कुणाकडूनही होत नाहीत.

त्यानंतर मी एका वेळी एकच गोष्ट धरते, आणि ती कोणती हे ताई ठरवतात. पॅट्रिशिया स्नायडर, मेरी लुइस हेमेटर आणि लिझ फॉक्स यांनी यासाठी एक रीत बसवली आहे. अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांसाठी १९६५ पासून चालणाऱ्या ‘हेड स्टार्ट’ या उपक्रमात ती वापरली जाते. रीत अशी की आधी दोघींनी मिळून एक नेमकं ध्येय ठरवायचं. मग मार्गदर्शिकेने वर्गात बसून फक्त तेवढंच बघायचं. मग दोघींनी बसून बोलायचं की काय झालं आणि पुढे काय. पुन्हा पहिल्यापासून. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपल्याकडच्या भेटींशी ताडून बघा. आपल्याकडे पर्यवेक्षिका येतात, रजिस्टर बघतात, साठा तपासतात, चुका सांगतात, सही करतात. त्यांच्यावरही वरून तोच धाक असतो. त्या भेटीतली फक्त वीस मिनिटं जर मुलांकडे बघण्यासाठी राखून ठेवली, तर कितीतरी बदल होईल असं मला मनापासून वाटतं.

बोलायचं कसं, त्याचा एक तुकडा जसाच्या तसा सांगते. ताईंनी ठरवलं होतं की त्या जेवताना थांबून बघतील. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो.

"ताई, त्याने वाटी उचलली तेव्हा तुम्ही डाव तसाच हातात धरून थांबलात."

"थांबले का मी?"

"थांबलात. तो आधी डावाकडे बघत होता, मग तुमच्याकडे बघितलं त्याने."

"हे नाही बघितलं मी. मी घाबरले होते, आता रडतो का म्हणून."

"नाही रडला. पाणी देताना मात्र पेला लगेच पुढे केलात."

"हां, ते सवयीने." थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. "उद्या पाण्याला पण थांबते."

मी त्यांना काही शिकवलं नाही. त्यांचे हात कामात असताना त्यांना जे दिसलं नाही ते मी पाहून सांगितलं. ‘उद्या पाण्याला थांबते’ हे त्यांचं त्यांनी ठरवलं, म्हणून ते झालं.

सरकारी चौकटीबद्दल थोडक्यात, कारण पालकांना ते माहीत असायला हवं. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. योगायोग असा की त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, आणि १९८६ मधल्या दुरुस्तीने त्याचं संरक्षण तीन ते पाच वर्षांच्या मुलांपर्यंत आणलं. आपल्याकडे अंगणवाडी गावोगाव पोहोचली, पण अपंग मुलाला तिथे काय मिळावं हे बराच काळ कागदावरही स्पष्ट नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्याखाली डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि शंका असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आहेत, पण मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयासाठी सांगितला आहे. सहाच्या आतल्या मुलाचं शिक्षण त्यामुळे योजनांच्या भरवशावर राहतं, आणि नेमकी हीच वर्षं सगळ्यात मोलाची असतात. ही उणीव मला बोचते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २८ नोव्हेंबर २०२३ ला दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली : लक्षणं लवकर ओळखणं, मुलाला आणि कुटुंबाला सामावून घेणं, आणि आशाताई व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणं. तुमच्या अंगणवाडीत ती कुणी वाचली आहे का, हे जरूर विचारा.

ओळखण्याबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. "मुलगा आहे, उशिरा बोलेल. त्याचे वडीलही चार वर्षांनी बोलले," हे मी इतक्या घरांत ऐकलं आहे. काही मुलं खरंच उशिरा बोलतात. पण वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, बडबडत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल. दोन वर्षांचं होऊनही स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल. किंवा कोणत्याही वयात येत असलेलं बोलणं, हसणं, हात करणं बंद पडलं असेल, तर वाट बघू नका. आणि पहिल्यांदा कान तपासून घ्या. दार आपटल्यावर दचकतं म्हणजे ऐकू येतं, असं नाही.

मात्र निदान होईपर्यंत शिकवणं थांबवायचं कारण नाही. तारीख मिळायला, तपासण्या व्हायला, कागद यायला महिने जातात. झाकणवाल्या मुलाचंही तसंच झालं. त्याची ऐकण्याची तपासणी आणि पुढचं मूल्यमापन झालं तोवर तो ताटल्या वाटत होता, आणि कागद आल्यावरही तो ताटल्याच वाटत होता. ठोकळ्यांकडे यायला त्याला पुढचं वर्ष लागलं. गाण्याच्या गोलात तो अजूनही दोन मिनिटं बसतो आणि उठतो. ताईंनी गोलाच्या कडेला त्याच्यासाठी एक पोतं अंथरलं आहे. उठला की तो तिथे जातो, आणि जमलं की परत येतो. त्याचं झाकणही त्याच्यापाशीच असतं. ते काढून घ्यायची गरज कुणाला वाटली नाही.

तुमच्या मुलासाठी अंगणवाडी किंवा बालवाडी बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं आणि खेळण्यांचं कपाट बाजूला ठेवा. ताईंना विचारा, कालच्या दिवसात माझं मूल कोणत्या वेळी सगळ्यात जास्त रमलं होतं. त्यांना लगेच सांगता आलं नाही तरी रागावू नका, आठवू द्या. कुठल्या मुलाशेजारी ते बसतं, विचारा. ताईंना मदतीला कुणी येतं का, आणि आलं तर ते रजिस्टर बघतं की मुलं, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर पर्यवेक्षिकेकडे तशी मागणी करा, चार पालकांनी मिळून केली तर जास्त चांगलं. आणि घरी मूल कशात रमतं ते ताईंना सांगा. पिठाच्या गोळ्यात, नळाच्या धारेत, बैलाच्या घुंगरांत, जे असेल ते. त्यांना ते दुसरीकडे कुठे कळणार नाही.